ऋतू बदलताना योग: जुन्या ग्रंथांत नेमकं काय सांगितलंय?



पाऊस सरून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला, किंवा थंडी संपून होळीच्या आसपास ऊन तापायला लागलं, की माझ्या ओपीडीतली गर्दी वाढते. सर्दी, खोकला, दमा उफाळणं, ताप, अंगदुखी, झोप न लागणं. यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर एक तक्ता असतो: कोणत्या ऋतूत कोणतं आसन आणि कोणता प्राणायाम करावा याचा. वर लिहिलेलं असतं, 'पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान'.

मागच्या हिवाळ्यात साठीच्या आसपासचे एक काका आले होते. दहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. दिवाळीनंतर त्यांनी अशाच तक्त्याप्रमाणे पहाटे भस्त्रिका आणि सूर्यभेदन सुरू केलं आणि 'आता योग करतोय' म्हणून गोळी बंद केली. दीड महिन्याने डोकं दुखतंय म्हणून आले तेव्हा रक्तदाब १९० च्या वर होता. सुदैवाने वेळेत आले. पण त्यांचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं: "डॉक्टर, ग्रंथातच लिहिलंय ना?"

म्हणून आज आपण हेच बघणार आहोत. ग्रंथांत खरोखर काय लिहिलंय, पुढच्या शतकांत त्यात काय भर पडली, प्रयोगशाळेत काय तपासलं गेलं आणि यातून तुम्ही आम्ही काय घ्यायचं. हा इतिहास कळला की तक्ता कसा वाचायचा हेही कळतं.

आयुर्वेदातली ऋतुचर्या

ऋतूनुसार वागण्याचा सविस्तर विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सहाव्या अध्यायात आहे. त्याचं नाव 'तस्याशितीय'. वाग्भटाने पुढे अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात तिसरा अध्याय याच विषयाला दिला, त्याचं नावच 'ऋतुचर्या'. वर्षाचे सहा ऋतू, त्यांचे दोन भाग (आदान आणि विसर्ग), आणि प्रत्येक ऋतूत काय खावं, किती झोपावं, तेल कधी लावावं, व्यायाम किती करावा हे तिथे येतं.

हे अध्याय वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांत आहार, अभ्यंग, स्नान, झोप, व्यायाम आहे. पण आज आपण ज्याला योगासनं आणि प्राणायाम म्हणतो त्यांची ऋतूवार यादी नाही. व्यायामाबद्दल मात्र सूचना अगदी स्पष्ट आहेत. थंडीत आणि वसंतात व्यायाम करावा, तोही आपल्या निम्म्या ताकदीने. इतर ऋतूंत त्याहून कमी. उन्हाळ्यात वाग्भट व्यायाम आणि ऊन दोन्ही टाळायला सांगतो, पावसाळ्यात दमछाक करणारे श्रम नकोत म्हणतो.

'निम्मी ताकद' म्हणजे किती, याचंही उत्तर सुश्रुताने दिलंय. व्यायाम करताना श्वास तोंडावाटे येऊ लागला की निम्मी ताकद वापरली असं समजावं. आज आम्ही हृदयरुग्णांना सांगतो, "चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटलं तर वेग कमी करा." दोन्हींचा अर्थ जवळपास एकच आहे. मापायला यंत्र लागत नाही, आपला श्वासच मोजपट्टी होतो.

चौदा दिवसांचा पूल

ऋतुचर्येतला मला सगळ्यात उपयोगी वाटणारा भाग म्हणजे ऋतुसंधी. वाग्भट सांगतो, सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होते. या काळात जुन्या ऋतूच्या सवयी हळूहळू सोडाव्यात आणि नव्या ऋतूच्या हळूहळू धराव्यात. एकदम बदल केला तर शरीराला न मानवल्यामुळे आजार होतात.

यात भर 'हळूहळू' या शब्दावर आहे. कोणता पदार्थ, कोणतं आसन हा पुढचा प्रश्न. मार्चमध्ये पहिल्या गरम दिवशी फ्रिजचं पाणी आणि पूर्ण वेगात पंखा, किंवा दिवाळीची पहिली थंडी पडल्याबरोबर पहाटे पाच वाजता टेकडीवर धावणं, या दोन्ही गोष्टी या सल्ल्याच्या विरुद्ध जातात.

आता आजच्या वैद्यकाच्या बाजूने पाहू. गारठ्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिवाळ्यात रक्तदाब उन्हाळ्यापेक्षा जास्त असतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम येण्याची पद्धत, घामातून जाणारं मीठ, रक्ताचं प्रमाण हे सगळं बदलत असतं. म्हणजे चौदा दिवसांचा हिशेब आजच्या शरीरशास्त्राच्या बराच जवळ जातो. जुन्या वैद्यांनी तो निरीक्षणातून काढला असावा.

पावसाळा आणि ध्यान

ध्यानाचा ऋतूशी संबंध याहीपेक्षा जुना आहे आणि तो आपल्या सह्याद्रीत डोळ्यांनी बघता येतो. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. आषाढ पौर्णिमेनंतर तो सुरू होई. एरवी गावोगाव फिरणारे भिक्षू या काळात एकत्र राहून अध्ययन आणि ध्यान करत. जैन साधूंचा चातुर्मासही याच पद्धतीचा. लोणावळ्याजवळची कार्ले आणि भाजे ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दोन शतकांत खोदायला सुरुवात झाली. तिथल्या लहान लहान खोल्या आणि दगडी ओटे पाहिले की पावसाळ्यात माणसं तिथे कशी राहत असतील याची कल्पना येते.

घराघरांतल्या चातुर्मासातही हेच दिसतं: प्रवास कमी, जेवण हलकं, वाचन आणि नामस्मरण जास्त. पावसाळ्यात पचन मंद होतं अशी आयुर्वेदाची धारणा आहे, आणि त्या काळात पाण्यातून पसरणारे जुलाब, कावीळ, टायफॉइड वाढतात हे आम्ही दरवर्षी बघतो. कमी हिंडा, ताजं खा, थोडं शांत बसा, हा सल्ला आजही तितकाच लागू आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाबद्दल फार थोडी सूत्रं आहेत. बसणं स्थिर आणि सुखाचं असावं, आणि ते साधलं की द्वंद्वांचा, म्हणजे थंडी-उष्णतेसारख्या जोड्यांचा त्रास होत नाही, असा त्यांचा आशय आहे. याचा अर्थ गारठ्यात उघड्यावर बसावं असा कुणी घेऊ नये. सुखाने बसण्याची अट आधी आहे.

हठयोगात ऋतू कुठे येतो?

आपण ज्याला प्राणायाम म्हणतो त्याचे बरेचसे प्रकार हठयोगाच्या ग्रंथांतून आले. स्वात्मारामाची हठप्रदीपिका साधारण पंधराव्या शतकातली. म्हणजे 'पाच हजार वर्षं' हा आकडा इथे बसत नाही. पाच-सहाशे वर्षं म्हणा, तेही काही कमी नाही. त्यात सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा आणि प्लाविनी असे आठ कुंभक सांगितले आहेत.

याच ग्रंथात दोन इशारे आहेत, जे तक्त्यांवर कधी छापले जात नाहीत. पहिला: सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू माणसाळतो तसाच श्वास हळूहळू ताब्यात आणावा, घाई केली तर तो साधकाचाच जीव घेतो. दुसरा: नेती, धौती, कपालभाती वगैरे सहा शुद्धिक्रिया ज्यांच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्यांनी आधी कराव्यात, ज्यांचे दोष सम आहेत त्यांना त्यांची गरज नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांनी कपालभाती करावी असं खुद्द ग्रंथ म्हणत नाही.

शीतली उन्हाळ्यात आणि सूर्यभेदन हिवाळ्यात, ही वाटणी कुठून आली? ती एकोणिसाव्या शतकातल्या ब्रह्मानंदांच्या 'ज्योत्स्ना' या टीकेत सापडते. सूर्यभेदन आणि उज्जायी उष्ण म्हणून बहुधा थंडीत हितकर, सीत्कारी आणि शीतली थंड म्हणून बहुधा उष्णतेत हितकर, असं ते सांगतात. त्यांनी 'बहुधा' हा शब्द वापरलाय. तक्त्यात तो गळून जातो आणि सल्ल्याचा नियम होतो.

घेरण्डसंहिता हठप्रदीपिकेनंतरची, साधारण सतराव्या-अठराव्या शतकातली. तिच्या पाचव्या अध्यायात ऋतूची गोष्ट सरळ येते. हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या चार ऋतूंत योगाभ्यास सुरू करू नये, केल्यास रोग होतात. वसंत आणि शरद या दोन ऋतूंत सुरुवात करावी. लक्षात घ्या, हा नियम सुरुवातीचा आहे. रोजचा अभ्यास ऋतूप्रमाणे थांबवण्याचा नाही.

त्याच अध्यायात आणखी एक बारकावा आहे. पंचांगातला ऋतू दोन महिन्यांचा असला तरी त्याचा अनुभव चार महिने येतो. वसंत जाणवतो माघापासून वैशाखापर्यंत, उन्हाळा चैत्रापासून आषाढापर्यंत. म्हणजे चैत्र-वैशाखात दोन्ही ऋतू एकत्र असतात. सकाळी गारवा आणि दुपारी कडक ऊन, हा अनुभव पुण्या-नाशिकच्या माणसाला वेगळा सांगायला नको.

गंमत अशी की 'शरद ही वैद्यांची आई आणि वसंत हा वैद्यांचा बाप' अशा अर्थाची एक जुनी म्हण आहे. याच दोन ऋतूंत रुग्ण जास्त, म्हणून वैद्यांचं पोट त्यांच्यावर चालतं. आणि घेरण्डसंहिता म्हणते, याच दोन ऋतूंत योगाला सुरुवात करा. हवा समशीतोष्ण असते हे एक कारण असेल. पण मला त्यातून व्यवहाराची गोष्टही दिसते: ज्या काळात आजारी पडण्याची शक्यता जास्त, त्याच काळात स्वतःकडे लक्ष द्यायला सुरुवात करावी.

आणि हो, २१ जून. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय योग दिवस जाहीर केला, पहिला साजरा झाला २१ जून २०१५ ला. आपल्याकडे तेव्हा पावसाळा लागलेला असतो, म्हणजे घेरण्डांच्या हिशेबात मनाई! त्या दिवशी सुरू केलंत तर घाबरू नका. तो नियम कडक आहारव्रतासह दीर्घ कुंभक करणाऱ्या साधकांसाठी होता. साधी आसनं आणि सावकाश श्वसन तुम्ही कोणत्याही महिन्यात सुरू करू शकता.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

या सगळ्याची तपासणी कधी सुरू झाली? इथे महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९१८ मध्ये श्री योगेंद्रांनी मुंबईत वर्सोव्याला 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. दोघेही नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासजींचे शिष्य.

कुवलयानंदांनी क्ष-किरण आणि दाब मोजणारी उपकरणं वापरून योगक्रिया तपासायला सुरुवात केली. नौली करताना आतड्यात दाब खरोखर कमी होतो का, हे त्यांनी मोजलं. निष्कर्ष 'योगमीमांसा' या त्रैमासिकात १९२४ पासून छापले. गांधीजींनीही १९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास झाल्यावर त्यांच्याशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला होता. त्याच सुमाराला औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करत होते.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९६९ चा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी, कैवल्यधामच्या विनेकरांसह, रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना रोज शवासन करायला लावलं. काहींचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्यांचं प्रमाण कमी करता आलं, आणि काहींना उपयोग झाला नाही. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून ३४ रुग्णांत योग-विश्रांतीची तुलना केली, आणि शिथिलीकरण शिकलेल्या गटात रक्तदाब जास्त उतरलेला दिसला.

२००१ मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांच्या गटाने आणखी एक छान गोष्ट दाखवली. जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र, दोन्हींनी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत येतो आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंची प्रतिक्रिया सुधारते. धर्म वेगळे, शरीरावरचा परिणाम सारखा. दम्याबद्दल २०१६ मध्ये १५ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. योगाने लक्षणांत आणि रोजच्या जगण्यात थोडी सुधारणा होते असं त्यात दिसलं. थोडी. पंपाची जागा घेण्याइतकी नाही.

या प्रत्येक अभ्यासात एक गोष्ट समान होती. डॉक्टर सोबत होते, मोजमाप चालू होतं आणि गोळ्या कमी केल्या तर त्या मोजमाप बघून केल्या. वर सांगितलेल्या काकांच्या बाबतीत नेमकं हेच राहून गेलं.

मग ऋतू बदलताना काय करावं?

१. चौदा दिवसांचा नियम पाळा. वेळ, व्यायाम, पाणी, कपडे, जेवण यातला बदल दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करा. नवीन प्राणायाम पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटंच.

२. श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबा. हा सुश्रुताचा नियम सूर्यनमस्कारालाही लावा. मे महिन्यात संख्या निम्म्यावर आणा.

३. रोज दहा मिनिटं शवासन किंवा शांत बसणं. श्वास सावकाश, सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब. श्वास कोंडून धरू नका. हे सगळ्या ऋतूंत आणि बहुतेक सगळ्यांना चालतं.

४. शीतली, सीत्कारी जपून. यात हवा तोंडातून जाते. नाकात होणारं गाळणं आणि गरम होणं टळतं. दमा असेल, सर्दी असेल, हवा धुरकट असेल तर करू नका.

५. भस्त्रिका, कपालभाती सगळ्यांसाठी नाहीत. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार, हर्निया, फिट्स, गरोदरपण किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर टाळा. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, कारण त्यात डोळ्यातला दाब वाढतो.

६. जलनेतीचं पाणी उकळूनच घ्या. हे नीट वाचा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात नळाचं पाणी नेतीसाठी वापरणाऱ्या दोन जणांचा मेंदूत शिरणाऱ्या अमिबामुळे मृत्यू झाला. हा अमिबा पाणी पिऊन त्रास देत नाही, नाकातून गेला तर जीव घेतो. केरळमध्येही गेल्या काही वर्षांत या अमिबाचे रुग्ण सापडले आहेत, जरी ते मुख्यतः तळ्या-विहिरींच्या पाण्याशी जोडलेले असले. पाणी खळखळ उकळा, झाकून कोमट होऊ द्या, लिटरला साधारण नऊ ग्रॅम मीठ घाला, भांडं स्वच्छ धुऊन कोरडं ठेवा. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण चोंदलं असेल तर नेती करू नका.

७. हिवाळा लागताच रक्तदाब मोजा. दमा असेल तर ऋतू बदलायच्या आधीच पंप आणि फवारा तपासून घ्या. गोळी किंवा पंप स्वतःहून बंद करू नका.

आणि ही लक्षणं दिसली तर योगवर्गात न जाता दवाखान्यात या: तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, धाप लागणं, छातीत दुखणं, एकाएकी तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणं, पावसाळ्यात तापासोबत अंगावर लाल ठिपके.

ते काका आता बरे आहेत. गोळी चालू आहे, सकाळी ऊन आल्यावर अर्धा तास चालतात आणि रात्री झोपण्यापूर्वी शवासन करतात. तक्ता त्यांनी मोबाईलमधून काढलेला नाही. परवा आले तेव्हा हसून म्हणाले, "डॉक्टर, यात 'बहुधा' मी पेनाने लिहून ठेवलंय." प्रिंट काढून भिंतीला लावला होता म्हणे. रक्तदाब १३४/८२ भरला. पुढची तपासणी संक्रांतीनंतर ठरली आहे.

तुम्हीही तुमचा तक्ता घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे एकदा जा. त्यातलं काय तुम्हाला चालेल आणि काय नाही, हे दहा मिनिटांत ठरेल.

काळजी घ्या, सावकाश श्वास घ्या!

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)